टाकीतली हवा

स्कूबा डायव्हिंग म्हटलं की पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो असं बहुतेकांना वाटतं. वर्तमानपत्रंसुद्धा बिनदिक्कत 'ऑक्सिजन सिलिंडर' असं छापून मोकळी होतात. खरं म्हणजे त्यात असते साधी हवा. तुमच्या-माझ्या आजूबाजूची, कॉम्प्रेसरने दाबून भरलेली. १२ लिटरची टाकी २०० बार दाबाने भरली की तिच्यात सुमारे २४०० लिटर हवा बसते. जुन्या एसटीडी बूथमध्ये साधारण तेवढीच मावायची. म्हणजे एक अख्खा बूथ पाठीला बांधून माणूस पाण्यात उतरतो. आता मला पडणारा प्रश्न असा, की तो बूथ कुठल्या रस्त्यावरचा? बाजूला ट्रक धूर सोडत उभा होता की काय?

प्रश्न वाटतो तेवढा खुळचट नाही. आधुनिक स्कूबाचा जनक ज्याला म्हणतात तो माणूस नेमक्या याच प्रश्नापायी मरता मरता वाचला. गोष्ट १९४६ सालची.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. झाक कुस्तो हा फ्रेंच नौदलातला अधिकारी आणि एमिल गान्यां हा 'एअर लिक्विड' या गॅस कंपनीतला इंजिनियर. १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, या दोघांनी मिळून 'अॅक्वालंग' बनवलं. पेट्रोलची टंचाई असल्यामुळे तेव्हा गाड्या गॅसवर चालवायची धडपड सुरू होती, आणि त्यासाठी गान्यांने एक छोटा व्हॉल्व्ह तयार केला होता. इंजिनाने जेवढा ओढला तेवढाच गॅस सोडणारा. कुस्तोला नेमकं हेच हवं होतं, फक्त इंजिनाच्या जागी माणूस. यातली एक गंमत माझ्या डोक्यातनं जात नाही. त्या काळी गाड्यांना जो गॅस मिळायचा, लाकूड-कोळशापासून बनवलेला, त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असायचा. म्हणजे ज्या विषाने कुस्तोला पुढे गाठलं, ते विष हाताळायलाच हा व्हॉल्व्ह मुळात जन्माला आला होता!

युद्ध संपल्यावर तूलाँ बंदरात नौदलाने पाणबुड्यांचं एक संशोधन पथक काढलं. कुस्तो, फिलिप ताय्ये, फ्रेडरिक द्युमा, मोरिस फार्ग वगैरे मंडळी त्यात होती. या पथकाने १९४६ च्या ऑगस्टमध्ये एक जुनं कोडं सोडवायला घेतलं. अ‍ॅव्हिन्यॉनजवळ फोंतेन द व्होक्ल्यूझ नावाचा एक प्रचंड झरा आहे. उंच कड्याच्या पायथ्याशी गुहेत एक खोल डोह, आणि त्यातनं सोर्ग नदी निघते. एरवी शांत असतो, पण पावसापाण्यानंतर असा उफाळतो की बघत राहावं. कवी पेट्रार्क या गावात राहायचा. पाणी येतं कुठून आणि डोहाला तळ आहे का, हे कुणालाच माहीत नव्हतं. १८७८ साली ऑटोनेली नावाचा एक पाणबुड्या शिरस्त्राणाचा पोशाख घालून २३ मीटरपर्यंत जाऊन आला होता.

२७ ऑगस्टला कुस्तो आणि द्युमा उतरले. दोघे एकमेकांना दोरीने बांधलेले, आणि वरून एक जाड दोर खाली सोडलेला. त्याचं वरचं टोक फार्गच्या हातात. खुणा ठरलेल्या होत्या. एक हिसका म्हणजे दोर ताण, तीन म्हणजे आणखी सोड, आणि सहा म्हणजे जमेल तितक्या जोरात वर ओढ.

पन्नासेक मीटरपाशी पोचेपर्यंत दोघांचंही डोकं काम करेनासं झालं. समोर काय आहे, आपण इथे कशाला आलोय, काहीच कळेना. द्युमाच्या तोंडातनं हवेची नळी सुटली. त्याने पाणी गिळलं, कशीबशी नळी परत तोंडात घातली आणि मग तो जवळजवळ बेशुद्धच झाला. कुस्तोच्या कमरेला आता एक जड, निपचित माणूस लटकत होता. कुस्तो दोर धरून वर चढायला लागला. वर फार्गला प्रत्येक हाताचा हिसका जाणवत होता, आणि तो इमानेइतबारे दोर सोडत होता. हा चढतोय, तो सोडतोय! कुस्तो जेवढा चढे तेवढा दोर खाली येई. शेवटी दोर टाकून त्याने कड्यावरनं चढायचा प्रयत्न केला, तोही फसला. तेव्हा कुठे त्या बधिर मेंदूला सहा हिसक्यांची खूण आठवली. खडकात अडकलेल्या दोरातून फार्गला ती जेमतेम जाणवली, आणि त्याने ओढायला सुरुवात केली. दोघे वाचले.

एवढ्यावर थांबावं की नाही? पण त्याच दिवशी ताय्ये आणि आणखी एक साथीदार दुसऱ्या फेरीला उतरले. तेही तसेच भ्रमिष्ट होऊन कसेबसे बाहेर आले.

मला या गोष्टीतला खरा थरार पुढचा वाटतो, परतीच्या गाडीतला. ही माणसं अडाणी नव्हती. खोल पाण्यात नायट्रोजनमुळे दारू प्यायल्यासारखी नशा चढते हे त्यांना अनुभवाने पक्कं ठाऊक होतं. 'खोलीची नशा' म्हणून प्रकरण बंद करता आलं असतं. तसं झालं असतं तर पुढच्या खेपेला कुणीतरी मेलंच असतं. पण त्यांच्यात चर्चा सुरू झाली की ही नशा नेहमीसारखी नव्हती. समुद्रातली नशा मजेची असते, ही नुसती जड आणि मठ्ठ होती. मग वेगळं काय होतं? टाक्या नवीन कॉम्प्रेसरवर भरल्या होत्या.

तूलाँला पोचल्यावर त्यांनी टाक्यांत उरलेली हवा तपासली. कार्बन मोनॉक्साइड निघाला दोन हजारात एक भाग, म्हणजे आजच्या भाषेत ५०० पीपीएम. मग तो नवा डिझेल कॉम्प्रेसर चालू करून बघितला. यंत्र स्वतःच्याच एक्झॉस्टचा धूर परत आत ओढत होतं. यंत्रात बिघाड काहीच नव्हता, उलट ते उत्तम चाललं होतं. फक्त हवा घ्यायचं तोंड आणि धूर सोडायचं तोंड एकमेकांच्या फार जवळ होतं. आमच्या धंद्यात याला 'गार्बेज इन, गार्बेज आउट' म्हणतात. इथे आउट थेट फुप्फुसात.

(दोर धरून दोघांचे प्राण वाचवणारा मोरिस फार्ग पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९४७ मध्ये, सुमारे १२० मीटर खोल जायच्या प्रयत्नात गेला. त्या वेळी मात्र कारण नायट्रोजनची नशाच होती.)

आता मला चक्रावणारी गोष्ट सांगतो. या अपघातामागचं सगळं शास्त्र १९४६ साली जुनं झालेलं होतं. छापून, बांधून, कपाटात ठेवलेलं! आणि ते बरंचसं एकाच माणसाने लिहिलेलं होतं.

जॉन स्कॉट हॉल्डेन हा स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ. लोक वाईट हवेच्या ठिकाणापासून लांब पळतात, हा मुद्दाम तिथे जायचा. गटारं, खाणी, कोंदट घरं. १८९६ च्या जानेवारीत वेल्समधल्या टायलर्सटाउन खाणीत स्फोट होऊन ५७ माणसं मेली, तेव्हा हॉल्डेनने प्रेतं तपासली. बहुतेक जण स्फोटाने किंवा भाजून मेलेच नव्हते. स्फोटानंतर खाणीत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने मेले होते. अशा प्रेतांचा रंग लालबुंद, निरोगी दिसतो, कारण हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो आणि तयार होणारं रक्त चेरीसारखं लाल असतं. म्हणून हॉल्डेनने खाणकामगारांना सुचवलं की सोबत उंदीर किंवा छोटा पक्षी ठेवा. त्याचं शरीर लहान, श्वास भराभर, त्यामुळे माणसाआधी तो कोसळेल. कॅनरी पक्ष्याची ती प्रसिद्ध गोष्ट इथली. ब्रिटिश खाणींतून कॅनरी निवृत्त झाले ते थेट १९८६ साली.

त्याआधी, १८९५ मध्ये, हॉल्डेनने स्वतःवरच प्रयोग केले होते. विषारी वायू हुंगत बसायचं, मधूनमधून स्वतःचं रक्त तपासायचं आणि आपल्याला काय होतंय ते लिहून ठेवायचं. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण असं, की ज्याला विषबाधा होत असते त्याला ती कळत नाही. वास नाही, चव नाही, गुदमरल्यासारखंही होत नाही. फक्त बुद्धी हळूहळू विझत जाते, आणि ती विझतेय हे ओळखायला बुद्धीच लागते.

१९०५ मध्ये ब्रिटिश नौदलाने पाणबुड्यांच्या कटकटी सोडवायला हॉल्डेनला बोलावलं. जास्त खोल गेलं की पाणबुडे धापा टाकायचे, काम करू शकायचे नाहीत. नौदलाला वाटे, माणूसच कच्चा. हॉल्डेनने शिरस्त्राणातल्या हवेचे नमुने घेतले. पंप गळके होते, आणि खोलवर पुरेशी हवा पोचतच नव्हती, त्यामुळे पाणबुड्याचा स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड आत साठत होता. त्याने सांगितलं, हवेत अमुक वायू किती टक्के आहे याला अर्थ नाही. त्याचा स्वतःचा दाब किती, ते बघा. यालाच आंशिक दाब म्हणतात. समुद्रसपाटीला १ टक्का कार्बन डायऑक्साइड सहज खपून जातो. पण ५० मीटरवर एकूण दाब ६ वातावरणांचा असतो, आणि तिथे तोच १ टक्का शरीराला वरच्या ६ टक्क्यांसारखा लागतो. माणूस धापा टाकणारच. मग नौदलाने पंप सुधारले, हवा वाढवली, आणि १९०६ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दोन नौदल अधिकारी २१० फुटांवर जाऊन धडधाकट परत आले. हे सगळं १९०८ साली 'जर्नल ऑफ हायजीन'मध्ये छापूनही आलं.

जाता जाता. त्या चाचण्यांच्या वेळी हॉल्डेनचा १३ वर्षांचा मुलगाही पोशाख घालून उतरला होता. पोशाख त्याच्या मापाचा नव्हता, त्यामुळे आत पाणी शिरलं ते वेगळंच. हाच मुलगा पुढचा जे. बी. एस. हॉल्डेन. १९३९ मध्ये 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ माणसं मेली, तेव्हा बंद पेटीत बसून साचलेल्या हवेचा परिणाम स्वतःवर तपासणारा हाच. १९५७ मध्ये तो भारतात आला, भारतीय नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. बापलेकांनी मिळून किती वाईट हवा खाल्ली असेल, कल्पना करा.

तर आंशिक दाबाचं गणित १९०८ पासून उपलब्ध होतं, आणि कार्बन मोनॉक्साइड काय करतो तेही माहीत होतं. तरी १९४६ मध्ये चार माणसं मरणाच्या दारात जाऊन आली. माझ्या मते कारण साधं आहे. खाणीतलं ज्ञान खाणवाल्यांकडे होतं, पाण्यातलं पाणबुड्यांकडे, आणि कॉम्प्रेसर होता मेकॅनिककडे. या तीन खोल्यांमधलं दार कुणी उघडलंच नव्हतं. पूर्वीचा पाणबुड्या हातपंपावर जगायचा. पंप मारणारी माणसं तीच हवा खात शेजारी उभी असत, म्हणजे एका अर्थी तीच कॅनरी. अॅक्वालंग आल्यावर हवा एकीकडे भरायची आणि भलतीकडे, भलत्या दिवशी, भलत्या खोलीवर वापरायची असं झालं. मधली साखळी तुटली.

आता थोडा तांत्रिक पिळ. कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. कुस्तोच्या 'द सायलेंट वर्ल्ड' या १९५३ च्या पुस्तकात म्हटलंय की त्या खोलीवर कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम सहापट होतो. पण हॉल्डेनचंच समीकरण घेऊन बसलं तर एक गोष्ट खटकते. खोलीवर विषाचा दाब सहापट होतो तसा ऑक्सिजनचाही होतो. हिमोग्लोबिनवर दोघांची चढाओढ चालते ती त्यांच्या गुणोत्तरावर, आणि ते बदललेलंच नसतं. मग सहापट कसलं? वेग. दर श्वासाला सहापट रेणू आत येतात, त्यामुळे वरती जे विष भिनायला काही तास लागले असते ते खाली मिनिटांवर येतं. डाइव्ह असते पाऊण-एक तासाची, त्यामुळे सगळा खेळ वेगाचाच. आणि खरा घात परत येताना होतो. दाबाखाली काही ऑक्सिजन हिमोग्लोबिनशिवाय, नुसता रक्तद्रवात विरघळूनही शरीराला मिळतो. हेसुद्धा हॉल्डेननेच दाखवलेलं: २ वातावरणांच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठेवलेला उंदीर कार्बन मोनॉक्साइडने हिमोग्लोबिन व्यापलं तरी जगला. ३० मीटरवर साध्या हवेतल्या ऑक्सिजनचा दाब पृष्ठभागावरच्या जवळजवळ शुद्ध ऑक्सिजनइतका होतो. म्हणजे खाली असताना पाणबुड्याला उसना ऑक्सिजन मिळत असतो. तो वर यायला लागला की ही उसनवारी आटत जाते, आणि विष मात्र हिमोग्लोबिन धरून बसलेलं. साधी हवा श्वासात घेऊन ते निम्मं व्हायला ४-५ तास लागतात. त्यामुळे माणूस तळाला बरा असतो आणि पृष्ठभाग दिसत असताना बेशुद्ध पडतो. तपासणीत 'बुडून मृत्यू' असं लिहिलं जाऊ शकतं. रक्तात मुद्दाम शोधल्याशिवाय खरं कारण सापडत नाही.

एक्झॉस्टचा धूर हे झालं ढोबळ कारण. कॉम्प्रेसर लांब नेऊन ठेवला, इंजिनाऐवजी विजेची मोटर लावली, की तो प्रश्न मिटावा. पण दुसरा चोर घरातच असतो. हवा दाबली की तापते, म्हणून २०० बारपर्यंत ती तीन-चार टप्प्यांत दाबतात आणि मध्ये थंड करतात. सिलिंडरला वंगण म्हणून तेल लागतं. बोटीच्या कोंदट इंजिनरूममध्ये यंत्र तासन् तास चाललं, व्हॉल्व्ह खराब झाला, थंड करणारी नळी मळली, की आतलं तेल अर्धवट जळायला लागतं. मग कार्बन मोनॉक्साइड बाहेरून यायची गरजच नाही, यंत्र स्वतःच बनवतं. बाहेर वारा कितीही शुद्ध असो.

यावरचा उतारा आला पहिल्या महायुद्धातून. युद्धनौकांच्या तोफखान्यात बंद जागी दारूच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड साठायचा, आणि साध्या कोळशाचे गॅस मास्क त्याला अडवू शकत नव्हते. जॉन्स हॉपकिन्स आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांतल्या रसायनशास्त्रज्ञांनी मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडचं एक मिश्रण शोधलं, जे नेहमीच्या तापमानालाच कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करून टाकतं. दोन्ही नावं जोडून त्याला म्हणाले 'हॉपकलाइट'. आज डायव्हिंग कॉम्प्रेसरच्या फिल्टरमध्ये तेच असतं. नाजूक मात्र भारी! ओल लागली की कामातून गेलं. म्हणून आधी हवा कोरडी करणारे दाणे आणि मग हॉपकलाइट, असा क्रम. हे दाणे भिजून संपले की त्यामागचं हॉपकलाइटही गुपचूप मरतं. बाहेरून फिल्टर जसाच्या तसा दिसतो. आपल्याकडच्या दमट किनाऱ्यांवर हे लवकर होणार हे सांगायला नकोच.

कधीकधी हवा चांगली भरूनही टाकीतच बिघडते. पोलादी टाकीत चमचाभर खारं पाणी राहिलं आणि टाकी भरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडून राहिली, तर आत गंज चढतो. गंज चढतो म्हणजे लोखंड ऑक्सिजन खातं. दाब फारसा कमी दिसत नाही, काट्यावर सगळं ठीक, पण आत उरतो मुख्यतः नायट्रोजन. अशा टाकीतून दोन-चार श्वास घेतले की माणूस आडवा. अशाने माणसं मेलीही आहेत. टाकी दरवर्षी उघडून आत दिवा टाकून बघायची पद्धत आहे ती काही उगाच नाही.

आता नियमांविषयी थोडं. श्वासाच्या हवेचं युरोपियन मानक ईएन १२०२१ पूर्वी १५ पीपीएम कार्बन मोनॉक्साइड चालवून घ्यायचं, २०१४ च्या आवृत्तीपासून मर्यादा ५ पीपीएम आहे. अमेरिकेत डायव्हिंगसाठी वापरतात त्या 'ग्रेड ई' हवेला १० पीपीएम. कुस्तोच्या टाकीत ५०० होते हे आठवा.

पण मानक पाळलं जातंय हे कळतं कसं? ठराविक महिन्यांनी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि सर्टिफिकेट भिंतीवर लागतं. मला हा प्रकार अपुरा वाटतो. नमुना बहुधा सकाळी, थंड यंत्रावर, नव्या फिल्टरसकट घेतला जातो. धूर आत येतो तो भर दुपारी, वारा फिरल्यावर, शेजारच्या बोटीने जनरेटर चालू केल्यावर. त्या दिवसाच्या हवेबद्दल भिंतीवरचा कागद काहीच सांगत नाही. म्हणूनच गेल्या काही वर्षांत हातात मावणारे कार्बन मोनॉक्साइड मीटर आणि धोका दिसताच कॉम्प्रेसर बंद करणारे सेन्सर वापरात आलेत. आपण मंडळी लाँग वीकएंडला तारकर्लीला किंवा ग्रांडे आयलंडला जातो, तिथे पहिल्यांदा उतरणाऱ्याला फार खोल नेत नाहीत, आणि त्यामुळे वरचं सहापटीचं गणित तिथे दुपटीच्या आसपासच राहतं. पुढे कोर्स करून ३०-४० मीटरच्या गोष्टी सुरू झाल्या की मात्र ते लागू होतं. दुकानदाराला विचारायला लाजायचं कारण नाही: कॉम्प्रेसर बघू का, हवा ओढायचा पाइप कुठे उघडतो, फिल्टर बदलल्याची वही आहे का? चांगला माणूस हौसेने दाखवतो, कारण संध्याकाळी तोही त्याच टाकीने उतरणार असतो.

व्होक्ल्यूझच्या त्या डोहाचं म्हणाल, तर कुस्तोची माणसं १९५५ मध्ये आणि पुन्हा १९६७ मध्ये तिथे गेली. तळ त्यांनाही मिळाला नाही. १९८५ साली 'मोदेक्सा' नावाचं एक मानवरहित यंत्र दोरीला बांधून सोडलं, ते ३०८ मीटरवर वाळूत जाऊन टेकलं.